पाचशे मिलिमीटर आणि मधली हवा

८ डिसेंबर २०२४, रविवार

निकॉनची २००-५०० मिलिमीटर एफ/५.६ व्हीआर (हाताचा कंप सावरणारी) लेन्स नागपूरच्या बर्डीतल्या एका दुकानातून सेकंड हँड घेतली. मॉडेल २०१५ सालचं. कॅमेऱ्याची बॉडी माझी नेहमीची, निकॉन डी५००. तिचा सेन्सर डीएक्स आकाराचा, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान, त्यामुळे ५०० वर दिसणारं दृश्य फुल फ्रेमवरच्या ७५० इतकं अरुंद होतं.

लेन्स घेण्यामागचं काम आधी लिहून ठेवतो. नागपूरच्या आसपासच्या तलावांवर हिवाळ्यात येणाऱ्या पाणपक्ष्यांची छायाचित्रांसह नोंद करायची आहे. नोंदीतल्या प्रत्येक पक्ष्याची ओळख फोटोवरून पटली पाहिजे. ज्याने तो पक्षी पाहिला नाही त्यालाही. त्यामुळे लेन्सची पारख करायची ती एकाच प्रश्नावर: किती अंतरावरून, दिवसाच्या कोणत्या वेळी, पक्ष्याची खूण स्पष्ट येते?

कसोटीला बगळा निवडला आहे. मोठा बगळा आणि मध्यम बगळा दोन्ही पांढरे, आणि एकटा उभा असेल तर आकारावरून फसायला होतं. खात्रीची खूण चोचीच्या फटीची. मोठ्या बगळ्यात ही काळसर रेघ डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, मध्यम बगळ्यात डोळ्याखालीच थांबते. रेघेचं टोक दिसलं तर फोटो नोंदीत, नाही दिसलं तर नाही.

दुकानात काचेतून टॉर्च मारून बुरशी पाहिली. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटात बंद राहिलेल्या लेन्सला ती हमखास धरते. काच स्वच्छ निघाली. अ‍ॅपर्चरच्या पाकळ्या, झूम, व्हीआर सगळं ठीक. ट्रायपॉड कॉलरसह लेन्सचं वजन २३०० ग्रॅम, बॉडीचे ८६० वेगळे.

१४ डिसेंबर, शनिवार

आधी कागदावरचं गणित. सेन्सरची रुंदी २३.५ मिलिमीटर, आडव्या ओळीत ५५६८ पिक्सेल. ५०० वर २० मीटर अंतरावर फ्रेममध्ये सुमारे ९४ सेंटिमीटर रुंदीचा तुकडा मावतो, ५० मीटरवर २.३५ मीटर, १०० मीटरवर ४.७ मीटर. म्हणजे १०० मीटरवर एका पिक्सेलच्या वाट्याला जेमतेम ०.८४ मिलिमीटर येतो. खंड्या साधारण २८ सेंटिमीटरचा. तो २० मीटरवर बसला असेल तर फोटोत साडेसोळाशे पिक्सेल लांब येईल, १०० मीटरवर सव्वातीनशे.

हे झालं सेन्सरचं. प्रत्यक्षात काय येतं ते पाहायला झेरॉक्सच्या दुकानातून एक तक्ता छापून लॅमिनेट करून आणला: १, २, ३, ४, ६ आणि १० मिलिमीटरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. घरामागच्या मैदानात पुतणीने तो खुर्चीला बांधला आणि मोजपट्टीने अंतरं आखून दिली. "काका, शंभरच्या पुढे झाडं आहेत, तिथे टेप जात नाही," म्हणाली, म्हणून शंभरावर थांबलो.

सकाळी साडेआठची वेळ, जमीन अजून गार, लेन्स ट्रायपॉडवर, व्हीआर बंद, मिरर वर उचललेला. २० मीटरवर १ मिलिमीटरच्या पट्ट्या कोरल्यासारख्या. ५० वर त्या जेमतेम सुट्या दिसतात, २ च्या स्वच्छ. १०० वर २ च्या पट्ट्या वेगळ्या ओळखू येतात. गणितानेही याच्या फार पुढे जाता येत नाही, म्हणजे काच सेन्सरला जेवढं हवं तेवढं देते आहे. एफ/८ वर कॉन्ट्रास्ट किंचित वाढला. एवढ्यासाठी निम्मा प्रकाश सोडणं मला पटत नाही. एफ/५.६ वरच काम करणार. झूमच्या पूर्ण पल्ल्यात हाच आकडा कायम राहतो. रिंग फिरवली की एक्स्पोजर बदलत नाही, ही या लेन्समधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट.

एएफ (ऑटोफोकस) फाइन ट्यून केलं. डीएसएलआरमध्ये फोकसचा सेन्सर वेगळ्या वाटेने आलेला प्रकाश पाहतो, म्हणून प्रत्येक बॉडी-लेन्स जोडीत बारीक फरक असू शकतो. डी५०० लाइव्ह व्ह्यूशी, म्हणजे मुख्य सेन्सरवरच्या चित्राशी, ताडून स्वतःच आकडा काढते. माझ्या जोडीला +३ आला.

२२ डिसेंबर, रविवार

तलावावरचा पहिला दिवस. उमरेड रोडवरून आत जावं लागतं. तलावाचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. पट्टकादंब (हिवाळी पाहुणे हंस) उतरले की बातमी पसरते, गाड्या काठापर्यंत येतात, आणि हिमालय ओलांडून आलेल्या पक्ष्यांना दिवसभर उठबस करावी लागते.

सूर्योदयाच्या आधी पोहोचलो. पाण्यावर वाफ. पट्टकादंब रात्री शेतात चरून परतत होते. समोरच्या काठावर, रेंजफाइंडरने मोजलं तर १४० मीटरवर. उजेड पुरेसा झाल्यावर फोटो काढले. शटर १/१०००, मोनोपॉड, फोकस मानेवर. डोक्यावरचे दोन काळे पट्टे कळतात, पण कडा वितळल्यासारख्या आणि पिसांचा पोत अजिबात नाही. एकामागोमाग काढलेल्या फ्रेममध्ये एकाच पक्ष्याची मान कधी जाड, कधी बारीक.

हा हाताचा कंप नाही. हललेल्या फोटोत सगळ्या कडा एका दिशेने ओढल्या जातात. हे हवेचं काम आहे. डिसेंबरात रात्री पारा उतरतो, पाणी मात्र दिवसभराची ऊब धरून असतं. पहाटे पाण्यालगतची हवा तापून वर उठते, वरची गार हवा खाली येते. गरम हवा विरळ, गार हवा दाट, दोघींतून प्रकाश वेगवेगळा वळतो. १४० मीटरच्या वाटेत असे कितीतरी थर आणि गोळे आडवे येतात, आणि ५०० मिलिमीटरची लेन्स पक्ष्याबरोबर तेही मोठे करून दाखवते.

साडेआठनंतर वाफ विरली. नऊच्या सुमारास त्याच काठावरचे पक्षी बरेच सुधारले. मग अकराला पुन्हा बिघडले. तेव्हा उन्हाने काठावरचे दगड तापले होते.

जाळं आवरत असलेले एक ढीवर दादा जवळ आले. "कोणता पक्षी पाहून राहिले भाऊ?" लेन्समधून दाखवला. बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "दुपारी नका येत जाऊ. दुपारी तं मले पल्याडची डोंगीही नाचताना दिसते. सकाळी त्या बाजूनं उभे राहा, ऊन पाठीवर राहते." त्यांनी दाखवलेला काठ पूर्वेचा, आणि तिथे बांध पाण्यापासून उंच आहे. उंचीचा मुद्दा डोक्यात ठेवला आहे.

२९ डिसेंबर, रविवार

छोटी नोंद. काच चढवलेल्या गाडीतून लेन्स काढली की पहिली दहा-पंधरा मिनिटं फोटो मऊ येतात, अगदी ३० मीटरवरचेही. लेन्सच्या पुढच्या लांब हूडमध्ये (ऊन अडवणाऱ्या नळकांड्यात) उबदार हवा साठून राहते आणि समोरच्या काचेपुढेच थरथरते. आता तलावाच्या अलीकडेच गाडीच्या काचा उतरवतो, आणि पोहोचल्यावर लेन्स हूड न लावता सावलीत ठेवतो. गाडीच्या खिडकीतून फोटो काढताना इंजिन बंद. बॉनेटवरून उठणारी हवाही आडवी येते. खिडकीसाठी कापडी पिशवी शिवून तिच्यात ज्वारी भरली आहे. तीन किलोचं ओझं त्यावर निवांत बसतं, मोनोपॉडपेक्षा बरं.

१३ जानेवारी २०२५, सोमवार

पौष पौर्णिमा. आज लेन्सची शंका पूर्ण फिटली.

हिवाळ्यातला पूर्ण चंद्र आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर येतो. रात्री अकरानंतर गच्चीवर ट्रायपॉड लावला. थोड्या अंतरावर तांबूस मंगळ. ५०० वर चंद्राचं बिंब सेन्सरवर साधारण साडेचार मिलिमीटरचं पडतं, म्हणजे हजाराच्या वर पिक्सेल. पौर्णिमेला सावल्या नसतात, म्हणून विवरं उठून दिसत नाहीत. पण टायको विवरातून निघालेले किरण धारदार आले, आणि बिंबाची कडा सुरीने कापल्यासारखी.

मुद्दाम संध्याकाळचा फोटो शेजारी ठेवला. चंद्र उगवून थोडा वर आला होता, शहराच्या छपरांवरून पाहत होतो. तोच चंद्र, तीच लेन्स, तीच सेटिंग, आणि कडा दातेरी. फरक फक्त वाटेचा. डोक्यावरच्या चंद्राचा प्रकाश दाट हवेच्या थरातून सरळ खाली उतरतो, क्षितिजावरच्या चंद्राचा त्याच थरातून तिरपा, लांबवर सरकत येतो.

पावणेचार लाख किलोमीटरवरची कडा धारदार येते आणि १४० मीटरवरच्या पट्टकादंबाची येत नाही. लेन्सबद्दल मला हवं ते उत्तर यात आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. नागपूरचं आभाळ पतंगांनी भरलेलं, गच्चीगच्चीवरून "ओ काट". चालत्या फोकससाठी याहून चांगली परीक्षा नाही: पातळ कागद, वाऱ्यावर अचानक वळणारा, मागे कोरं आभाळ आणि मधूनच घारी.

एएफ-सी (हलत्या गोष्टीवर सतत फोकस करत राहणारा मोड), पॉइंटांचा गट. लेन्सवरचं फोकस लिमिटर 'अनंत ते ६ मीटर' वर ठेवलं की फोकस सुटल्यावर जवळच्या टोकापर्यंत जाऊन परत येण्याचा वेळ वाचतो. व्हीआरच्या स्पोर्ट मोडमध्ये व्ह्यूफाइंडरमधलं चित्र वळताना झटके देत नाही. उडत्या पक्ष्याला हाच मोड. झूम रिंगचा फेरा मात्र लांब आहे. २०० वरून ५०० ला एका हिसक्यात जाता येत नाही, हात उचलून पुन्हा धरावा लागतो. म्हणून घार शोधताना ३०० वर राहायचं, सापडली की पुढे जायचं.

दुपारी एक घार मांजा अडकून समोरच्या कडुलिंबावर लोंबकळलेली दिसली. नायलॉनचा मांजा पंखाच्या सांध्यापाशी आवळला होता. खालून डोळ्यांना ती नुसती फांदीत बसल्यासारखी वाटत होती. फोटो मोठा करून दाखवल्यावर शेजारच्या पोरांना पटलं. सेमिनरी हिल्सच्या वन्यजीव उपचार केंद्राला कळवलं, शिडी आली, घार जिवंत खाली उतरली. बंदी असूनही हा मांजा दर वर्षी विकला जातो. पोरांच्या हातातल्या चक्र्या मी स्वतः पाहिल्या, आणि त्यांच्या घरच्यांशी बोललो.

९ फेब्रुवारी, रविवार

मैदानात पुन्हा तोच तक्ता, या वेळी सकाळपासून दुपारपर्यंत, आणि दोन उंचीवरून: एकदा लेन्स जमिनीपासून वीतभर वर, एकदा उभ्याने. तक्ताही त्या-त्या उंचीवर.

सात वाजता १०० मीटरवर २ मिलिमीटरच्या पट्ट्या सुट्या, दोन्ही उंचीवरून. नऊ वाजता उभ्याने ३, जमिनीलगत ४ सुद्धा मुश्किलीने. दुपारी साडेबाराला जमिनीलगत १० मिलिमीटरच्या पट्ट्याही नागमोडी, ६ च्या एकमेकींत मिसळलेल्या. उभ्याने ६ च्या ओळखू येतात. फेब्रुवारीतलं ऊन आहे हे, अजून उन्हाळा लागायचा आहे.

२० मीटरवर मात्र दुपारीही १ मिलिमीटरच्या पट्ट्या बहुतेक फ्रेममध्ये दिसल्या.

यातून दोन गोष्टी कामाच्या. पहिली, पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर, जमिनीवर पालथं पडून फोटो काढायची पद्धत जवळच्या पक्ष्यासाठी उत्तम. पार्श्वभूमी दूर जाते, चित्र देखणं होतं. पण लांबच्या पक्ष्यासाठी तीच पद्धत सगळ्यात वाईट, कारण प्रकाशाची सगळी वाट तापलेल्या जमिनीला घासून येते. तिथे बांधावर, उंचावर उभं राहायचं. ढीवर दादांनी दाखवलेली जागा म्हणून योग्य.

दुसरी गोष्ट बर्स्टची. हवेची थरथर प्रत्येक फ्रेममध्ये वेगळी असते. सेकंदाला दहाच्या वेगाने वीस-तीस फ्रेम घेतल्या तर एखादीत हवा क्षणभर शांत सापडते, आणि तक्त्यावर एक पायरी बारीक पट्टी मिळते. बसलेल्या पक्ष्यासाठी हे करण्यासारखं आहे. शटर स्पीड वाढवून मात्र काही साधत नाही. १/४००० ला कडा गोठते, पण वाकडीच गोठते.

२३ फेब्रुवारी, रविवार

अंबाझरीच्या काठाने जाणाऱ्या मेट्रोवर फोकसची परीक्षा. समोरून येणारी गाडी, एकसारखा वेग, हवी तेवढ्या वेळा तीच चाचणी. डी५०० आणि ही लेन्स मिळून फोकस धरून ठेवतात. खांबाआड क्षणभर गेली तरी सुटत नाही. लॉक-ऑन, म्हणजे मध्ये काही आडवं आलं तर फोकस किती वेळ धरून ठेवायचा ती सेटिंग, मधल्या आकड्यावर. पुलाचे खांब एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. लोक याचं श्रेय लेन्सला देतात, पण त्याच जागेवरून २०० वर काढून तेवढाच भाग कापला तरी खांब तितकेच जवळ दिसतात. ते ठरतं उभं राहण्याच्या जागेवरून.

२ मार्च, रविवार

पळस फुलला आहे. काटोल रोडच्या पुढे शेताच्या धुऱ्यावर एक झाड हेरलं आणि सकाळभर त्याच्यापाशी बसलो. सूर्यपक्षी, मैना, बुलबुल, कोतवाल, एकामागोमाग सगळे मध प्यायला. अंतर ८ ते १२ मीटर.

या लेन्सचं खरं सामर्थ्य इथे दिसतं. १० मीटरवर एफ/५.६ ला शार्प राहणारी खोली साधारण ९ सेंटिमीटर. सूर्यपक्षी त्यात पुरा मावतो, मागची काटेरी बोर नुसता हिरवा-तपकिरी रंग होऊन जाते. गळ्यावरच्या पिसांचा जांभळा-हिरवा झगमगाट, चोचीच्या टोकाला लागलेले परागकण, डोळ्यात उमटलेलं आभाळ, सगळं आलं. आणखी जवळ, लेन्सच्या किमान २.२ मीटर अंतरापर्यंत, जाता येईल. पण तिथे खोली काही मिलिमीटरवर येते आणि पक्षीही राहत नाही.

लोक मोठी लेन्स लांबचं आणायला घेतात. मी म्हणेन, जवळचं मोठं करायला घ्यावी. २० मीटरच्या आत बसून राहायची तयारी असेल तर ही लेन्स जे देते, ते १०० मीटरवरून कुठल्याही किमतीची लेन्स देणार नाही. पक्षी मान वर करून चरायचं थांबला की आपण फार जवळ आहोत, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. झाडाखाली आधीच बसून राहिलो तर पक्षी आपण होऊन जवळ येतात.

हातात धरून तासभरापेक्षा जास्त काम होत नाही, खांदा भरून येतो. बसून, कोपर गुडघ्यावर टेकवून, व्हीआर नॉर्मलवर १/२५० पर्यंत बसलेला पक्षी स्वच्छ येतो. त्याखाली पक्षीच हलतो, आणि त्यावर व्हीआरचा उपाय नाही.

१६ मार्च, रविवार

सकाळपासून आभाळ. उमरेड रोडच्या तलावावर मुद्दाम दुपारी गेलो. पट्टकादंब गेलेले. थापट्या आणि तलवार बदकं थोडी, टिबुकल्या, वारकरी, चित्रबलाक. पाणी मागे सरकलं आहे, काठाला गाळाचा रुंद पट्टा उघडा पडला आहे.

पूर्वेच्या बांधावरून, दुपारी एक वाजता, ९० मीटरवर पांढरा बगळा. फोटोत चोचीची रेघ डोळ्याच्या मागेपर्यंत स्पष्ट: मोठा बगळा. तासाभराने ढग फाटले, ऊन गाळावर पडलं, आणि वीस मिनिटांत त्याच जागेवरच्या बगळ्याची रेघ धूसर झाली. डोळ्याखाली थांबते की मागे जाते, सांगता येईना. बगळा हलला नव्हता, मीही नाही.

हिवाळ्यात मध्ये पाणी होतं, आता गाळ आहे. दिवसा पाणी हवेपेक्षा गार असतं, त्यावरची हवा तुलनेने स्वस्थ राहते. कोरडा होत चाललेला गाळ तव्यासारखा तापतो. म्हणजे तलाव आटत जाईल तसा अंतरासोबत थरथरीचाही हिशेब बिघडत जाणार.

१३ एप्रिल, रविवार

पारा चाळीशीच्या पुढे. लेन्स गाडीत ठेवून कुठेही जायचं नाही, पाच मिनिटांसाठीही नाही.

साडेसहाला तलावावर, आठला परत. सातपर्यंत ८० मीटरवरची टिटवी डोळ्यापुढच्या लाल कातड्यासह आली. साडेसातनंतर ५० मीटरच्या पुढचं काही नोंदीलायक नाही.

१.४ चा टेलिकन्व्हर्टर (बॉडी आणि लेन्सच्या मध्ये बसणारी, चित्र मोठं करणारी काच) घेण्याचा विचार होता. ७०० मिलिमीटर, एफ/८, डी५०० च्या मधल्या पॉइंटांवर फोकसही चालतो. तो बेत सोडला. हवेने वाकवलेली कडा १.४ पट मोठी करून मला काही मिळणार नाही. त्या पैशात एक साधी लपण, म्हणजे मातकट कापडाचा छोटा तंबू, शिवून घ्यायचा आहे, आणि शेतमालकांच्या परवानगीने तो ऑक्टोबरातच पूर्वेच्या बांधाखाली लावायचा आहे, म्हणजे पक्षी येतील तेव्हा त्यांना तो तिथलाच वाटेल.

नोंदवहीचे रकाने बदलले. पक्षी, तारीख, वेळ यांसोबत आता मोजलेलं अंतर, आभाळ (ऊन किंवा ढग), लेन्सची जमिनीपासून उंची, आणि मधली जमीन (पाणी, गाळ, दगड, गवत). सोबत काम करणाऱ्यांसाठी नियम असा: उन्हात ६० मीटरच्या आणि ढगाळ दिवशी १०० मीटरच्या पलीकडचा फोटो संख्या मोजायला वापरावा. बगळे, पाणकावळे, चिखले यांची जात त्यावरून लिहू नये, 'बगळा, जात अनिश्चित' असं लिहावं. डिसेंबर ते एप्रिलच्या सगळ्या फाइल्स या नियमाने पुन्हा चाळायला घेतल्या आहेत; डिसेंबरचा महिना पूर्ण झाला, जानेवारी सुरू आहे.